वेताच्या खुर्चीचा खुलासा

भगवंतराव हेडमास्तर भाषणाला उभे राहिले की त्यांचा हात सैल सुटायचा. एरवी खडूचा तुकडासुद्धा बघून देणारा माणूस. पण समोर पोरं बसली, गळ्यात हार पडला आणि दोन टाळ्या कानावर आल्या, की कुणाला काय देऊन बसतील याचा नेम नसे. एकदा गॅदरिंगच्या नाटकात चांगलं काम केलं म्हणून एका पोराला त्यांनी अंगावरचा कोट काढून दिला होता. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी माणूस पाठवून तो कोट 'धुवायला' म्हणून परत आणवला. पोरगं मॅट्रिक होऊन गेलं तरी कोट धुऊन झाला नव्हता.

माणिक शिपायाच्या निरोप समारंभात हाच प्रकार झाला.

साल बासष्ट. जळगाव जामोदच्या त्या खाजगी हायस्कुलात माणिकनं बावीस वर्षं घंटा वाजवली, वर्ग झाडले, नोटिसा फिरवल्या आणि उरलेला वेळ हेडमास्तरांच्या दाराशी उभं राहून काढला. पाणी भरायचं काम मात्र कायम दुसऱ्याकडं होतं. का, ते कुणी बोलत नसे आणि सगळ्यांना माहीत असे. छप्पन्न साली तो नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आला, तेव्हा भगवंतरावांनी त्याला मुद्दाम आत बोलावून "उत्तम केलंस" म्हटलं. पाण्याचा माठ होता तिथंच राहिला.

तर निरोपाच्या दिवशी भगवंतराव बोलता बोलता रंगले. म्हणाले, "हा आपला माणिक! बावीस वर्षं माझ्या दाराशी उभा राहिला. आता यानं बसावं! आणि कशावर बसावं? ज्या खुर्चीवर मी बसलो, त्याच खुर्चीवर यानं बसावं!" आणि व्यासपीठावरच्या सागवानी, हाताच्या, वेताच्या बैठकीच्या खुर्चीकडं त्यांनी असं काही बोट दाखवलं की पोरांनी पत्रे हादरतील अशा टाळ्या पिटल्या. मास्तर लोक एकमेकांकडं बघू लागले. माणिकनं हात जोडले आणि डोळ्याला रुमाल लावला.

घरी जाताना, टाळ्यांचा आवाज कानातून विरल्यावर, भगवंतरावांच्या ध्यानात आलं की खुर्ची आपली नाही, शाळेची आहे.

कोटासारखी ती परत आणता आली असती. पण सगळ्या शाळेनं पाहिलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना स्वतःचं भाषण फार आवडलं होतं. माणिक दुसऱ्या दिवशी गावी जायचा होता. भगवंतराव संध्याकाळी एकटेच शाळेत गेले, खुर्ची उलटी केली आणि बैठकीच्या खालच्या पट्टीवर पांढऱ्या रंगानं लिहिलेली शाळेच्या नावाची अक्षरं काचेच्या तुकड्यानं खरवडून काढली. उद्या बिचाऱ्या माणिकला कुणी त्रास देऊ नये, असं त्यांनी मनाशी म्हटलं आणि ते त्यांना पटलंही. पुढं उन्हाळ्यात सामानाची तपासणी झाली, तेव्हा त्यांनी ती खुर्ची वाळवीनं खाल्ली असं दाखवलं आणि चार मास्तरांच्या सह्या घेतल्या. शाळेत वाळवी खरीच होती. दोन बाक तिनं फस्त केले होते. त्यात एक खुर्ची जास्त टाकली तर वाळवी काही तक्रार करणार नव्हती.

वर्षभरानं भगवंतरावही निवृत्त झाले आणि खुर्ची विसरून गेले.

त्रेसष्टच्या दिवाळीनंतर एका सकाळी माणिक आणि त्याची बायको कलाबाई त्यांच्या दारात उभी राहिली. भगवंतराव ओट्यावर पेपर वाचत होते. त्यांच्या पत्नी शालूबाईंनी सतरंजी टाकली, तरी दोघं पायरीवरच टेकली.

"सायेब," कलाबाई म्हणाली, "तुमच्या खुर्चीनं आमचा घात केला."

 बोलली ती कलाबाईच, आणि झालेला प्रकार असा.

त्यांचं गाव वाघजाळी, उंद्रीपासून कोसभर आत. तिथल्या नव्या ग्रामपंचायतीला तालुक्याच्या विकास ब्लॉकाकडून सहा खुर्च्या मिळाल्या होत्या. सरपंच उत्तमरावांच्या पोरीचं कुंकू, म्हणजे साखरपुडा, झालं, तेव्हा त्या पाव्हण्यांसाठी त्यांच्या घरी गेल्या. पाव्हणे परत गेले, खुर्च्या राहिल्या. मग तालुक्याचे साहेब तपासणीला आले आणि पंचायतीत बसायला खुर्ची मागू लागले. उत्तमरावांनी पापणी न हलवता सांगितलं, "चोरी झाली, सायेब." साहेबासमोर बोललेलं ते, मग पोलिसात तक्रार देणं आलं. रंगराव जमादार चौकशीला आला. उत्तमरावांच्या ओसरीत बसून चहा पिऊन त्यानं तक्रार लिहून घेतली की पंचायतीच्या सहा खुर्च्या गायब आहेत.

"ज्याच्यावर बसून लिवलं," कलाबाई म्हणाली, "थ्या पंचायतीच्याच खुर्च्या व्हत्या. पाठीवर नाव हाय पंचायतीचं."

"मग जमादाराला दिसलं नाही?" भगवंतरावांनी विचारलं.

तेव्हा माणिक पहिल्यांदा बोलला. "पाठ टेकून बसला व्हता ना सायेब तो."

तक्रार झाली, आता चोर पाहिजे. चोर शोधायला जमादार सरळ बौद्धवाड्यात आला, कारण तो दुसरीकडं कुठं शोधत नसे. अख्ख्या वाड्यात खुर्ची एकच. ती आधीपासूनच उत्तमरावांच्या डोळ्यात खुपत होती. त्यांच्या मळ्याची वाट माणिकच्या दारावरून जायची. माणिक संध्याकाळी दारात खुर्ची टाकून बसायचा, आणि सरपंच समोरून गेले की बसल्या बसल्या "जय भीम, उत्तमराव" म्हणायचा.

"मी म्हनलं यायले, उठत जा जरासक," कलाबाई म्हणाली. "काय जाते आपलं?"

"बावीस वर्सं उभाच व्हतो ना," माणिक म्हणाला. "सायेबच म्हनले व्हते, आता बस."

पंचायतीच्या खुर्च्या बिनहाताच्या, लाकडी पट्ट्यांच्या. ही वेताची, हाताची. चोरीच्या तक्रारीत ती काही केल्या बसेना. जमादार जरा हिरमुसला. पण जायला निघताना त्यानं सहज खुर्ची उलटी करून पाहिली आणि त्याचा चेहरा उजळला.

"हे कोनी खोडलं बे?" त्यानं विचारलं.

"मले ठाऊक नाही," माणिक म्हणाला. ते खरं होतं.

"खुर्ची कोनाची?"

"माही."

"कोठून आनली?"

"हेडमास्तर सायेबानं देली."

"शिपायाले कोनी खुर्ची देते काय बे?" जमादार म्हणाला. "सांगाले लागला मले!"

मुंबई पोलीस कायदा नुकताच वऱ्हाडात आला होता आणि त्यातलं एकशे चोविसावं कलम जमादाराला फार आवडायचं. त्यात मालक शोधायची कटकट नव्हती. माल चोरीचा असावा असं मानायला कारण दिसलं, की ज्याच्या घरात तो सापडला त्यानं सांगायचं, माझ्याकडं आला कसा. आणि सांगणं मॅजिस्ट्रेटच्या समाधानाचं झालं पाहिजे. नाही झालं, तर शिक्षा. कारण काय दिसलं, तर एक खरवडलेली पट्टी. आणि जमादारानं कागदावर न लिहिलेलं दुसरं कारण असं, की एवढी चांगली खुर्ची त्या घराला शोभत नव्हती. त्यानं खुर्ची जप्त केली, माणिकवर खटला भरला आणि चिखलीच्या कोर्टात तारीख पडली.

खरवडलेल्या पट्टीचं नाव निघालं, तेव्हा भगवंतरावांनी पेपरची घडी घातली, परत उघडली आणि परत घातली.

"तुमी फकत येऊन सांगा सायेब, का हाव, म्या देली," कलाबाई म्हणाली. "बाकी आमचं काही म्हननं नाही."

भगवंतराव उभे राहिले. उभं राहिलं की त्यांना आपोआप सुचायचं. "अरे, म्हणजे काय! येतो! मी स्वतः येतो! सत्यासाठी माणसानं..." एवढं बोलून ते थांबले, कारण शालूबाई त्यांच्याकडं बघत होत्या.

माणसं गेल्यावर शालूबाईंनी विचारलं, "ती खुर्ची तुमची होती?"

"मी बावीस वर्षं बसलो तिच्यावर."

"बसल्यानं होते?"

यावर भगवंतरावांनी त्यांना कायद्याबद्दल बायकांना काय कळतं, हे समजावून सांगितलं.

तारीख जवळ येऊ लागली तसं त्यांचं अन्न गोड लागेना. 'दिली' म्हणावं, तर कोर्ट विचारणार, कुणाची दिली. शाळेची म्हणावं, तर चोर कोण, हे सांगायला जमादार लागणार नाही. मग वाळवी निघणार, चार सह्या निघणार. त्यातला एक मास्तर आता संस्थेच्या मंडळावर होता. 'नाही दिली' म्हणावं, तर माणिक आत जाणार. हे त्यांना खरंच सहन होण्यासारखं नव्हतं. वाईट माणूस नव्हतेच ते. चांगलं वागण्यात आपली थोडीही गैरसोय होऊ नये, एवढीच त्यांची अट होती.

म्हणून त्यांनी मधला रस्ता काढला. तारखेच्या आदल्या दिवशी नांदुरा, खामगाव करत यष्टीनं उंद्रीला उतरले आणि बैलगाडीनं वाघजाळीला थेट सरपंचाच्या घरी गेले. सरपंचाला समजावू, प्रकरण मिटवू, कोर्टाची पायरीच नको.

उत्तमरावांनी हेडमास्तर म्हटल्यावर मोठं स्वागत केलं. ओसरीत खुर्च्या ओळीनं मांडलेल्या होत्या. बसता बसता भगवंतरावांना पाठीवरची अक्षरं दिसली. 'ग्रा. पं. वाघजाळी.' त्यांनी क्षणभर विचार केला आणि पाठ टेकून बसले.

"माणिकचं जरा ऐका," ते म्हणाले. "गरीब माणूस आहे. खुर्ची मीच दिली होती त्याला."

"देली असन ना गुरुजी! मी कोठं नाही म्हनतो?" उत्तमराव म्हणाले. "पन आता मामला पोलिसाचा हाय. मह्या हातात काय हाय?"

"तक्रार तुमची आहे."

"मही तकरार पंचायतीच्या खुर्च्याईची हाय. थ्या अजून सापडल्याच नाही." बोलता बोलता उत्तमरावांनी शेजारची खुर्ची जवळ ओढून तिच्यावर पाय ठेवले. "तपास चालू हाय."

भगवंतरावांनी चहाचा घोट घेतला. 

"मी तुमाले सरळ सांगतो," उत्तमराव आवाज खाली आणून म्हणाले. "तुमी इथून परत जा. तुमी आले नाही तं त्याले थोडा दंड होईन, अन् एवढ्यानं भागन. दारात बसून मह्यावर नजर ठेवनं बंद होईन त्याचं. अन् आले, अन् म्या देली म्हनलं, तं मॅजिस्ट्रेट नवा हाय, शहाना हाय. तो इचारन, देली तं तुमी कोठून आनली? मंग त्याले कोन काय सांगन?"

सरपंच बिलकूल शिकलेला नव्हता, पण चोरीच्या मालाची नाडी त्याला बरोबर कळत होती.  भगवंतरावांनी चहा संपवला आणि ते परत जायला निघालेही. पण उंद्रीच्या फाट्यावर चिखलीची यष्टी आधी आली आणि त्यात कलाबाई बसलेली होती. तिनं खिडकीतून पाहिलं आणि आत ओरडून सांगितलं, "सायेब आले, सायेब आले! जागा करा!" लोकांनी जागा केली. आता मागं कसं जाणार? हात हलवत भगवंतराव गाडीत चढले. माणिकनं उठून त्यांना खिडकीची जागा दिली.

चिखलीला त्या लोकांच्या नातेवाइकाकडं मुक्काम झाला, आणि दुसऱ्या दिवशी कोर्ट भरलं.

मॅजिस्ट्रेट खरंच तरुण होता आणि कडक होता. आधी जमादार उभा राहिला. मग मॅजिस्ट्रेटनं माणिकला विचारलं, "ही खुर्ची तुमच्याकडं कशी आली?"

"हेडमास्तर सायेबानं देली."

"का?"

"बस म्हनले."

कोर्टात हशा झाला. मॅजिस्ट्रेट हसला नाही. "खालचं नाव कुणी खरवडलं?"

"मले ठाऊक नाही."

"तुमच्या ताब्यात असलेल्या वस्तूवरचं नाव खोडलं जातं आणि तुम्हाला ठाऊक नाही?" मॅजिस्ट्रेट म्हणाला. "हा काही खुलासा झाला नाही."

 जेवढं खरं होतं तेवढं माणिकचं सांगून संपलं होतं, आणि ते कमी पडलं होतं.

मग भगवंतरावांचा पुकारा झाला. त्यांनी कोट घातला होता, टोपी नीट बसवली होती, हातात काठी होती. मॅजिस्ट्रेटनं वर पाहिलं आणि त्याचा आवाजच बदलला. "गुरुजी, आपण बसा," तो म्हणाला. शिपायानं खुर्ची आणून ठेवली. माणिक पिंजऱ्यात उभा, भगवंतराव खुर्चीत. बसल्यावर त्यांनी काठी खुर्चीला टेकवली. समोर लोक होते. सगळे ऐकायला टपले होते. एवढी तयार सभा त्यांना निवृत्तीनंतर मिळाली नव्हती.

"ही खुर्ची आपण यांना दिली?"

"होय. निरोप समारंभात. भर सभेत."

"खुर्ची कुणाची होती?"

भगवंतरावांनी एकदा कोपऱ्यात ठेवलेल्या खुर्चीकडं पाहिलं, एकदा छताकडं पाहिलं. आणि त्यांना सुचलं.

"माझी," ते म्हणाले. "नोकरीला लागलो तेव्हा वडिलांनी करून दिलेली."

"आणि खालचं नाव?"

"माझंच होतं. मीच खोडलं." त्यांचा आवाज भरून आला, आणि तो काही मुद्दाम आणलेला नव्हता. "दान देताना त्याच्यावर आपलं नाव ठेवू नये, असा आमच्या घरचा संस्कार आहे."

 कारकुनाची लेखणी थांबली. मॅजिस्ट्रेटनं चष्मा काढून पुसला. वडिलांचं नाव, गाव, सुताराचं नाव, काही विचारलं नाही. पावती मागितली नाही. उलट म्हणाला, "गुरुजी, अशी माणसं आता दुर्मिळ झाली." मग जमादाराला त्यानं असं फैलावर घेतलं की त्याचा पट्टा सैल झाल्यासारखा वाटू लागला. खुलासा समाधानकारक आहे, आरोपी निर्दोष, खुर्ची त्याला परत द्यावी, असा हुकूम दुपारच्या आत झाला.

बाहेर आल्यावर लोकांनी भगवंतरावांना गराडा घातला. एकानं पान दिलं. दोघांनी पायावर डोकं ठेवलं. भगवंतराव अजून त्या शब्दांच्या नशेत होते, आणि आपण खोटं बोललो हे त्यांना आठवत असलं, तरी वडील आता स्पष्ट दिसू लागले होते, सुतारासमोर उभे राहून खुर्ची करवून घेताना.

माणिकनं खुर्ची उचलून आणली आणि त्यांच्यासमोर ठेवली.

"घे रे, घे," भगवंतराव म्हणाले. "आता आयुष्यभर बस निवांत."

"सायेब, एक इचारू?"

"विचार ना."

"खाली जे नाव लिवलं व्हतं, थे मले वाचता येत नाही. पन बावीस वर्सं पुसलं म्या थे. तसंच नाव घंटीवर व्हतं. बालटीवर व्हतं. समद्या बाकाईवर व्हतं." माणिक हळू बोलत होता, ऐकणाऱ्या लोकांना ऐकू जाऊ नये एवढ्या हळू. "थे नाव तुमचं असन, तं घंटी बी तुमच्या वडलानंच करून देली व्हती का?"

भगवंतरावांनी तोंडातलं पान गालात सरकवलं. पिंक टाकायला जागा दिसेना.

"म्या समजो, हेडमास्तर देतो म्हनते म्हंजे त्याले देता येत असन," माणिक म्हणाला. "शाळेनंच देली असन मले. म्हनून घेतली."

"माणिक, मी तुला वाचवलं. मी नसतो आलो तर..."

"आले, हे तुमचं उपकार हाय. नाही म्हनत नाही." त्यानं खुर्चीच्या हातावरची धूळ सवयीनं उपरण्यानं पुसली. "पन म्या खरं सांगतलं, थे पटलं नाही. तुमी खोटं सांगतलं, थे पटलं. कोर्टानं सांगतलं, मी चोर नाही. आता हे घरी नेली तं मंग चोर होईन."

कलाबाईला ते कळेना. "अवो, कोर्टानं देली हाय," ती म्हणाली. "घ्या ना."

"तूच आन मंग डोक्यावर," माणिक म्हणाला.

ती एकदा नवऱ्याकडं आणि एकदा खुर्चीकडं बघत राहिली. मग तिनं पदर खोचला आणि नवऱ्यामागं निघाली, रिकाम्या हातानं. जाता जाता मागं वळून म्हणाली, "जेवून जा सायेब, कोठं बी. उपाशी नोका राहू."

भगवंतराव, खुर्ची, आणि भोवती पंधरा-वीस माणसं, एवढं तिथं राहिलं. काठी एका हातात आणि खुर्ची दुसऱ्या हातात धरून ते यष्टीकडं निघाले. चिखलीच्या स्टँडवर हमालानं विचारलं, "कुठून आनली गुरुजी? झकास हाय." ते म्हणाले, भावाची आहे. खामगावला कंडक्टरनं विचारलं. ते म्हणाले, शाळेत नेतोय. नांदुऱ्याला एका पोलीस शिपायानं तोंडातली विडी काढून नुसतं वर पाहिलं, तर भगवंतरावांनी न विचारता सांगितलं की ती वडिलांची आहे. टपावर जागा नव्हती, म्हणून ती त्यांच्या मांडीवर उलटी ठेवली होती, आणि खरवडलेली पट्टी सगळ्या रस्ताभर त्यांच्या नाकासमोर होती.

शेवटी त्यांनी सभ्य माणसासारखं वागायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी खुर्ची घेऊन शाळेत गेले आणि नव्या हेडमास्तरांसमोर ठेवून म्हणाले, "ही शाळेची आहे. मी एकाला दिली होती, ती परत आणली."

आयुष्यात बऱ्याच दिवसांनी त्यांनी सरळ वाक्य उच्चारलं होतं. नवे हेडमास्तर अडचणीत पडले. त्यांनी कपाट उघडलं, काहीतरी पाहिलं, आणि दार लावून आले.

"सर, हिला वाळवीनं खाल्लंय," ते म्हणाले.

"पण ही काय इथं उभी आहे!"

"आपल्याच काळात खाल्लीय. आपलीच सही आहे." ते हळू बोलू लागले. "मी परत घेतली, तर लिहावं लागेल. लिहिलं, तर मंडळ विचारेल की खाल्लेली परत कशी आली. मग चारही मास्तरांना खुलासा द्यावा लागेल. त्यातले एक तर..." त्यांनी वरच्या दिशेला बोट केलं. "सर, माझी मुलं लहान आहेत. कृपा करून ही घेऊन जा."

खरं सांगायला आलेल्या माणसाला पहिल्यांदाच कुणी हात जोडून परत पाठवत होतं. भगवंतराव खुर्ची घेऊन घरी गेले. शालूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाल्या, "घरात नको. ओट्यावर असू द्या." तेव्हापासून ती ओट्यावर आहे. येणारा जाणारा चांगली खुर्ची म्हणून बसतो, आणि बसला की विचारतो, कुठली.

पुढच्या उन्हाळ्यात जळगाव जामोदला बाजाराच्या बंदोबस्तासाठी बाहेरचे पोलीस आले, त्यात रंगराव जमादार होता. हेडमास्तरांचं घर विचारत तो ओट्याशी आला, राग वगैरे काही नव्हता, पाणी मागितलं आणि खुर्चीत बसला. बसल्यावर त्यानं हात चाचपले, खाली वाकून पाहिलं आणि हसायला लागला.

"हेच का गुरुजी?"

"हीच," भगवंतराव म्हणाले. "वाघजाळीत काय म्हणतात?"

"बेस हाय. पंचायतीले सहा नव्या खुर्च्या आल्या. जुन्या चोरी गेल्या म्हनून मंजूर झाल्या." जमादार पाणी प्यायला. "थ्या बी सरपंचाकडंच हायेत. पन यंदाच्या गावसभेत गंमत झाली. तुमचा माणिकराव उठून उभा राह्यला अन् म्हनला, या सहा आल्या, त्या सहाईचा तपास कोठवर आला? अन् मह्याकडं पाहून म्हनला, जमादार, तुमी इथंच हाय, सांगा. मले काही बोलताच येईना."

"मग? सरपंच काय म्हणाले?"

"पुढच्या सभेत खुलासा देतो म्हनले. दोन सभा झाल्या तवापासून. देऊन राह्यले." जमादार खो खो हसला. "अन् माणिकरावानं चिखलीहून लोखंडाची घडीची खुर्ची आनली. येताना सरळ ठाण्यात घेऊन आला, मह्यासमोर उघडून ठेवली अन् म्हनला, पाहून घ्या जमादार, उलटी करून पाहा, मंग घरी नेतो. मी म्हनलं, जा बाबा, ने."

भगवंतरावही हसले. मग शालूबाईंनी चहा आणला. जमादार कपबशी खाली ठेवून उठायला लागला, तेव्हा त्यांनी, दुसरंच काही विचारत असल्यासारखं, विचारलं, "सभेत माझं काही नाव काढलं का त्यानं? कोर्टातलं वगैरे?"

जमादारानं आठवून पाहिलं.

"नाही बुवा," तो म्हणाला. "तुमचं काही निघालं नाही."